बर्न्स वॉर्ड, व्हीआरचा चष्मा आणि हिरव्या बांगड्या

नाईटवाली | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी अकरा वर्षं बर्न्स वॉर्डात (भाजलेल्या पेशंटच्या) स्टाफ नर्स होते, आता नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. कॉलेज कुठलं ते विचारू नका.

दिवाळीनंतर आमच्याकडे व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारे, चार चष्मे आले. मुली त्यांना झापडं म्हणतात. एकीने झापड लावायचं आणि बाकीच्यांनी तिला काय दिसतंय ते टीव्हीवर बघायचं. त्यात भाजलेल्या पेशंटची एक केस आहे. बंद खोलीत आग लागलीय, चाळिशीचा माणूस, चेहरा, छाती आणि दोन्ही हात भाजलेत. पहिल्या दिवशी मला हे सरळ खेळणं वाटलं होतं. तीन बॅचेस झाल्यावर मत बदललं, पण सगळं नाही.

आवडलं ते आधी सांगते. विद्यार्थिनीला बर्न्सचं पोस्टिंग लागतं तेव्हा ती काय करते? भिंतीला टेकून उभी राहते. गंभीर केस आली की इन्चार्ज सिस्टर ओरडतात, "मुलींनो, बाजूला व्हा." त्यांचंही बरोबर आहे, तिथे शिकवणी घ्यायला वेळ कुणाला असतो? पण त्यामुळे पहिला तास मुलीच्या हाताखालून कधी जातच नाही. मग ती पास होते, कुठल्या तरी तालुक्याला लागते, आणि नाईटला एकटी असताना तिच्या आयुष्यातली पहिली केस रिक्षातून दारात उतरते. चष्म्यात तो तास तिला दहा वेळा करता येतो. पेशंट दहा वेळा दगावला तरी बाहेर बाकावर कुणी बसलेलं नसतं.

आमच्या एका हुशार मुलीचं सांगते. बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता, म्हणून बाई निश्चिंत. शीर शोधत बसल्या. तिकडे पेशंटचा आवाज घोगरा होत चालला होता. नाकातले केस जळलेले आणि जिभेवर काजळी, पण हे वाकून बघितलं तरच दिसतं, आणि ती वाकलीच नाही. (सॉफ्टवेअरमध्ये वेळ पळवलेली असते.) सहाव्या मिनिटाला घसा सुजून बंद. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो आणि आकडा झकास दिसतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. त्या मुलीच्या वहीतही ते लाल शाईने अधोरेखित आहे. पण डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. आता ती दिसेल त्या पेशंटच्या नाकात डोकावते. सर्जिकल वॉर्डातले हर्नियाचे आजोबा वैतागलेत.

दुसरं म्हणजे सलाइनचा हिशोब. पार्कलंडचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के. ५० किलोची बाई, ४० टक्के, म्हणजे २४ तासांत ८००० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच एक प्रकार), त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. मुली ताबडतोब सांगतात, ताशी ५००. पण ते ८ तास भाजल्यापासून धरायचे, दाखल झाल्यापासून नाही. सकाळी सहाला स्टोव्ह भडकला आणि बाई आपल्याकडे नऊला आली, तर हातात ५ तास उरले. ताशी ८००. चष्म्यातला नातेवाईक "सहा वाजता" असं एकदाच, चालता चालता बोलतो. तुम्ही विचारलं नाहीत तर पुन्हा सांगत नाही. चाळीसपैकी सात मुलींनी विचारलं.

न आवडलेलं उद्या लिहिते, नाईटची सवय सुटली आता, डोळे मिटतायत. तोवर कुणी वापरलं असेल तर सांगा.

---

कोकणकडा | सोमवार, रात्री ११:०५

वाचतेय. पुढील लेखनाला शुभेच्छा. अवांतर: भाजलं की लगेच कोरफड लावलेली चालते का हो?

---

नाईटवाली | मंगळवार, सकाळी ६:१०

@कोकणकडा, आधी नळ. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको. अंगठी-बांगडी लगेच काढायची, सूज यायच्या आत. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यातलं काही नको, कारण ते खरवडून काढायचं काम आमच्याकडे येतं आणि पेशंटला तेच जास्त दुखतं. कोरफडीचा विचार नंतर.

---

टाकाऊकोडर | मंगळवार, सकाळी ९:३३

मी पुण्यात अशाच सिम्युलेशनवाल्या (खोटी केस उभी करून सराव देणाऱ्या) कंपनीत तीन वर्षं होतो (नाव नको), म्हणून दोन गोष्टी.

मळमळ होणाऱ्या मुली असतील तर त्यांना बसवून करा. डोळ्यांना वाटतं आपण चालतोय आणि कानाच्या आतला तोल सांगतो बसलोय, त्या भांडणात पोट ढवळतं. सॉफ्टवेअरमध्ये 'सरकत जाणं' बंद करून 'उडी मारून जाणं' असा पर्याय बहुधा असतो, तो चालू करा.

दुसरं जरा नाजूक आहे. तुमच्या केसमधला पेशंट गोरा आहे ना? असणारच. मॉडेल बाहेरचं असतं आणि त्यावर जखमेचा थर चढवलेला असतो, गुलाबी, लाल, पांढरा. आपल्या सावळ्या कातडीवर तो गुलाबी रंग तसा दिसत नाही. आम्ही एकदा कातडीचा रंग बदलून दिला होता, पण जखमेचा थर तोच ठेवला. बघायला आलेल्या सिस्टर हसल्या. म्हणाल्या, हा भाजलेला नाही, याच्यावर रंगपंचमी झालीय.

---

नाईटवाली | मंगळवार, दुपारी २:१५

रंगपंचमी :) अगदी हेच लिहिणार होते. खऱ्या वॉर्डात आपण रंगावर विसंबतच नाही. फोड आहे का, खालचा भाग ओला आहे का, दाबल्यावर रक्त परत भरतं का, स्पर्श कळतो का. चष्म्यात स्पर्श नाही. हातातला कंट्रोलर थरथरतो, तेवढाच. म्हणून मुली रंग बघून उत्तर देतात आणि ती खोड मला वॉर्डात मोडावी लागते.

आणखी एक. टक्केवारी काढताना पेशंटचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, साधारण १ टक्का धरतात. मुली चष्म्यात स्वतःचा हात पुढे करून मोजतात आणि तो हात तर कार्टूनचा, हातमोज्याएवढा! नुसती लाली टक्क्यांत धरायची नाही हे मात्र सॉफ्टवेअर चांगलं पकडतं, लगेच गुण कापतं.

व्यावहारिक अडचणी: अंबाड्यावर पट्टा बसत नाही, आणि खोबरेल तेल. स्पंजच्या दोन गाद्या महिन्यात वाया गेल्या.

---

सुरीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

प्लास्टिक सर्जन आहे, म्हणून नाक खुपसतो.

सिस्टर, हिशोब बिनचूक, पण एक धोका दिसतो. पार्कलंड म्हणजे १९६८ साली बॅक्स्टरने डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलातून दिलेलं सुरुवातीचं अनुमान. तो वेद नव्हे. सलाइन कमी पडून किडनी गेलेले पेशंट मी पाहिलेत, तसेच सलाइन जास्त होऊन पोट दगडासारखं ताठ झालेलेही पाहिलेत. सूत्रापेक्षा भलतंच जास्त पाणी पेशंटच्या अंगात जातं, याला प्रुइटने २००० मध्ये 'फ्लुइड क्रीप' असं नाव दिलं. अमेरिकन बर्न असोसिएशनच्या कोर्समध्ये आता मोठ्या माणसाला ४ ऐवजी २ मिलीने सुरुवात करायला शिकवतात. तुमच्या बाईला ताशी ८०० लावून मुलगी पुढच्या कामाला गेली, तर मला ती मुलगी नको.

खरा मास्तर म्हणजे लघवीची पिशवी. मोठ्या माणसाची ताशी किलोमागे अर्धा मिली, म्हणजे तुमच्या बाईची २५ मिलीच्या आसपास. लहान मुलाची किलोमागे १ मिली. दर तासाला बघायचं, कमी तर वाढवा, जास्त तर उतरवा. चष्म्यात ती पिशवी भरते का?

---

नाईटवाली | मंगळवार, रात्री १०:२०

सर, भरते. 'एक तास पुढे' असं बटण आहे आणि सलाइनच्या वेगाप्रमाणे पिशवीतला आकडा बदलतो. पण तुमचा मुद्दा टोचला, कारण मी गुण देत होते ते पहिल्या आकड्याला. ८०० लिहिलं की पास. उद्यापासून चौथ्या तासाला ती काय करते त्याला गुण.

२ मिलीचंही सांगते मुलींना. परीक्षेत मात्र ४ च लिहा म्हणून सांगावं लागेल, विद्यापीठाचं तुम्ही जाणता.

---

यॉर्कशायरकरीण | बुधवार, पहाटे २:१२

इकडे इंग्लंडात लीड्सला आहे, मूळची साताऱ्याची. आमच्या ट्रस्टमध्ये (इथलं सरकारी हॉस्पिटल) चष्मे आहेत, बर्न्ससाठी नाही पण सेप्सिस (अंगभर पसरलेलं इन्फेक्शन) वगैरेसाठी वापरतो. ताई, तुम्ही धाग्यात एक शब्दही लिहिला नाहीत त्याबद्दल विचारते. चष्मा काढल्यावर काय करता?

आमच्याकडे पंधरा मिनिटं चष्मा आणि अर्धा तास गोल करून बसणं. आणि त्या अर्ध्या तासात शिकवणाऱ्याने आधी बोलायचं नाही. "काय झालं ते सांग", एवढाच प्रश्न. मला सुरुवातीला फार जड गेलं, कारण आपल्याकडे मॅडम आधी चुका वाचून दाखवतात. इथे चूक मुलीनेच शोधायची.

ही सिम्युलेशनवाली मंडळी अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेचा २०१४ चा अभ्यास दाखवतात. वॉर्डातल्या निम्म्या तासांपर्यंत सिम्युलेशन दिलं तरी पास होणाऱ्या मुलींत फरक पडला नाही, असं त्यात निघालं. खरं आहे. पण तो काळ चष्म्यांचा नव्हता, मुख्य भर पुतळे आणि अभिनय करणारे पेशंट यांच्यावर होता. शिवाय त्या कॉलेजांमध्ये शिकवणाऱ्यांना आधी नीट तयार केलं होतं. तुमच्या सेल्समनने हे शेवटचं वाक्य सांगितलं नसेल.

---

नाईटवाली | बुधवार, सकाळी ६:०५

नाही सांगितलं. आणि मी चष्मा काढल्या काढल्या चुका वाचूनच दाखवते. बोलती बंद झाली माझी.

---

जुनी इन्चार्ज | बुधवार, दुपारी ४:४०

मी निवृत्त आहे, तीस वर्षं सरकारी नोकरी. कौतुक पुरे, आता थोडं कडू.

तुमच्या चष्म्यात एका पेशंटला एक नर्स आहे. माझ्या वॉर्डात रात्री एका नर्सला किती पेशंट होते ते लिहीत नाही, लोकांना खोटं वाटेल. चष्म्यातल्या ट्रॉलीवर सगळं असतं. आमच्याकडे गॉज संपलेला असायचा आणि स्टोअरची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. शिकवायचं असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना म्हणावं, मध्येच दुसरा पेशंट आणा, वीज घालवा, आणि तिसऱ्या खाटेवरच्याचं सलाइन संपू द्या.

आणि बर्न्समध्ये आपलं शहाणपण आधी काय होतं तेही मुलींना सांगा. मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं, १९८५ मध्ये ते छापून आलं. सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं केलं, २००३ मध्ये छापलं. केळीचं पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, काढताना पेशंट किंचाळत नाही. सायनची स्किन बँकही (दान केलेली त्वचा साठवायची) त्यांनीच २००० साली उभी केली. चष्म्याच्या पैशात किती केळीची पानं येतील, विचारून बघा.

---

टाकाऊकोडर | बुधवार, सायंकाळी ५:२०

काकू, वीज घालवायची कल्पना भन्नाट आहे. खरंच सोपी आहे, दोन दिवसांचं काम. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमच्या बैठकीत डॉक्टर असायचे, मार्केटिंगवाले असायचे, नर्स एकदाही नव्हती.

---

उन्हात टोपी | बुधवार, रात्री ११:५८

मी या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार करतेय.

मी त्या खाटेवर होते. १९९८, वय एकोणीस, पंपाचा स्टोव्ह आणि नायलॉनचा गाऊन. साडेतीन महिने.

पहिला तास मला आठवतच नाही. तुम्ही सगळे त्याच्याबद्दल बोलताय, तो महत्त्वाचा असणारच, त्याशिवाय मी इथे टाइप करत बसले नसते. माझ्या लक्षात राहिलीय ती सकाळची ड्रेसिंगची ट्रॉली. तिचं एक चाक वाजायचं. ते वाजायला लागलं की वॉर्डातल्या आम्ही सगळ्या गप्प व्हायचो. ती कुणाच्या खाटेकडे वळते ते बघत.

दोन सिस्टर होत्या. एक पट्टी सुकी असतानाच ओढायची. दुष्ट नव्हती, तिला वीस जणींचं करायचं असायचं. दुसरी सलाइन ओतून ठेवायची आणि तोवर शेजारच्या खाटेचं करून यायची. परत आली की पट्टीचं टोक माझ्या हातात द्यायची. म्हणायची, "तू ओढ, तुला पाहिजे तेव्हा थांब." तेवढ्यानेच निम्मं दुखणं जायचं. वेळ तिलाही तेवढाच लागायचा, हे मी मोजलेलं आहे. दुसरं करायला काय होतं मला?

हे तुमच्या चष्म्यात शिकवता येईल का, खरंच विचारतेय.

---

नाईटवाली | गुरुवार, सकाळी ६:३०

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं आहे. ड्रेसिंगचा भागही सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तो मी या वर्षी बंद ठेवलाय. बटण दाबलं की पट्टी 'सुळकन' निघते. पहिली पन्नास ड्रेसिंग अशी केलेल्या मुलीच्या हाताला चुकीचीच सवय लागेल. पट्टी सुटताना बोटांना जो ओढा लागतो, त्यावरूनच थांबायचं की नाही ते कळतं. तो ओढा थरथरणाऱ्या प्लास्टिकमध्ये नाही. पहिला तास चष्म्यात, ड्रेसिंग वॉर्डातच, सिस्टरच्या शेजारी उभं राहून. इथवर तरी मी आलेय.

तुमचं "तू ओढ" मात्र उद्या वर्गात सांगणार, चालेल ना?

---

उन्हात टोपी | गुरुवार, सकाळी ९:०२

चालेल. चाकाला तेल घालायलाही सांगा.

---

सुरीवाला | गुरुवार, दुपारी १:१०

@उन्हात टोपी, भाजलेल्यांच्या उपचारात व्हीआर आला तोच मुळी पेशंटसाठी. अमेरिकेत सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी ड्रेसिंगच्या वेळी पेशंटला चष्मा लावून बर्फाच्या घळीत सोडलं. पेंग्विन आणि बर्फाच्या माणसांवर बर्फाचे गोळे मारत बसायचं, इकडे ड्रेसिंग चालू. लक्ष तिकडे गेलं की दुखणं कमी जाणवतं, असं अनेक पेशंटनी सांगितलं. औषधाला पर्याय म्हणून नव्हे, औषधाच्या जोडीला. सिस्टर, तुमचे चार चष्मे दुपारी मोकळे असतात ना?

---

नाईटवाली | गुरुवार, दुपारी २:००

असतात. पण बर्न्समध्ये नेलेली वस्तू परत वर्गात आणायची तर इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर मला उभी जाळतील. (वाईट विनोद, माफी.) विचारून बघते.

---

वकिलीणबाई | गुरुवार, रात्री ८:२५

फौजदारी बाजू बघते. या केसेसमध्ये मृत्युपूर्व जबाब येतो, म्हणून एक सूचना. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की डॉक्टरचा दाखला नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही. जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली हवी की पेशंट शुद्धीत आणि सांगण्याच्या स्थितीत होता. मग उलटतपासणीत आम्ही काय मागतो? नर्सिंग नोट्स. मॉर्फिन किती वाजता दिलं, त्या वेळी पेशंट बोलत होता का, खाटेशेजारी कोण होतं. मुलींना वेळ लिहायची सवय लावा, मिनिटासकट. आणि सासरचं माणूस खाटेला खेटून उभं असेल तर त्याला बाहेर बसवायचं, हेही घाला चष्म्यात.

---

सेकंड इयर | शुक्रवार, दुपारी ३:४७

मी नाईटवाली मॅडमच्या कॉलेजची नाही, पण आमच्याकडेही झापड आहे. मला एकच सांगायचंय. चष्म्यात मी तीनदा पास झाले. वॉर्डात पहिल्यांदा गेले तेव्हा वासाने बाहेर पळाले. वासाबद्दल कुणी आधी बोललंच नव्हतं. मला वाटलं मी या कामाची नाही.

---

जुनी इन्चार्ज | शुक्रवार, सायंकाळी ६:१५

बाळा, मी पहिल्या दिवशी लिनन रूममध्ये ओकले होते. त्यानंतर तीस वर्षं केली. मास्कच्या आत थोडं बाम लावत जा, आणि पळालीस तर पळालीस, परत आत जायचं.

मॅडम, बांगड्यांचं काय झालं? धाग्याच्या नावात लिहिलंय आणि अजून पत्ता नाही.

---

नाईटवाली | शनिवार, रात्री ९:३०

हो, तेच लिहायला बसलेय.

चष्म्यातल्या पेशंटच्या बोटात एक अंगठी आहे. दाबली की निघते. आपल्याकडे बाई येते ती डझनभर काचेच्या बांगड्या, पाटल्या, जोडवी आणि गळ्यात मंगळसूत्र घेऊन. हात सुजायला लागला की प्रत्येक बांगडी दोरीसारखी आवळते, पुढची बोटं गार पडतात. म्हणून आमचा जुना पुतळा बाहेर काढला (मुली त्याला शांताबाई म्हणतात). कोपरापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळून हात सुजवला आणि दोन डझन हिरव्या बांगड्या चढवल्या. आता चष्म्यातला तास झाला की लगेच शांताबाई.

धातूचं रिंग कटरने जातं. काचेची कशी काढायची ते वॉर्डातल्या मावशींनी दाखवलं. खाली ओल्या गॉजची घडी सरकवायची, वरून पॅड धरायचा आणि आर्टरी फोर्सेप्सने (ऑपरेशनचा चिमटा) दाबायचं. काच पॅडमध्येच राहते.

पण मावशींनी दाखवलं त्याहून सांगितलं ते मोठं. मागच्या वर्षी आमची एक मुलगी पेशंटच्या आईसमोर म्हणाली, "यांच्या बांगड्या फोडायच्यात." ती माउली तिथेच खाली बसली आणि हंबरडा फोडला. तिला वाटलं जावई गेला. त्याच आगीत तोही भाजला होता, पुरुषांच्या वॉर्डात होता. मावशी मुलीला म्हणाल्या, "बाई गं, फोडायच्या नसतात. वाढवायच्या असतात."

काल गोल करून बसलो. यॉर्कशायरकरीण, मी अकरा मिनिटं तोंड उघडलं नाही, घड्याळ बघत होते. मग चौघींनी शांताबाईंच्या बांगड्या काढल्या. बाजूला आई म्हणून मावशींनाच उभं केलं होतं. तिघी "वाढवते" म्हणाल्या. चौथी थांबली आणि विचारलं, "मॅडम, सरदारजी आले तर कड्याला काय म्हणायचं?"

कुणाला माहीत असेल तर सांगा. सोमवारी पुढची बॅच आहे.